‘गोळ्यांनी मेले’ म्हणजे नक्की कशाने मेले?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत पहिल्या महायुद्धातल्या खंदकांवर पानभर लेख आलाय तो वाचला, दोनदा वाचला. लेख चांगला आहे, फोटोही मस्त टाकलेत, पण लेखाचा सगळा रोख असा की मशीनगन आली आणि बिचाऱ्या सैनिकांचा खेळ खल्लास झाला, बाकी शस्त्रं आपली तोंडी लावायला. आणि शेवटच्या परिच्छेदात ‘लाखो जवान गोळ्यांनी मेले’ असं वाक्य आहे. तिथे मला राहवलं नाही. मी उभी नोकरी दारूगोळ्याच्या कारखान्यात काढली, तीही फ्यूजच्या सेक्शनला, आधी लेथवर टर्नर आणि नंतर इन्स्पेक्शनला. आमच्यासारख्याला गोळी आणि गोळा यातला घोळ सहन होत नाही हो. गोळीने मेले की गोळ्याने? ‘गोळ्यांनी’ म्हटलं की दोन्ही एकच होतात, हा मराठीचाच घोटाळा, त्यामुळे व्याकरणाची माफी मागून मी पुढे सरळ बुलेट आणि शेल असंच लिहितो.

तर हिशोब असा आहे. ब्रिटिश सैन्याने दोन लाखांहून जास्त जखमींच्या नोंदी तपासून कोण कशाने जखमी झाला ते मांडलेलं आहे. त्यात ५८ टक्क्यांहून थोडे जास्त शेल आणि मॉर्टरचे (मॉर्टर म्हणजे उंच कमानीत मारा करणारी आखूड तोफ), ३९ टक्के बुलेटचे (म्हणजे रायफल आणि मशीनगन दोन्ही मिळून बरं का), हातबॉम्बचे दोन टक्क्यांच्या आसपास आणि संगिनीचे अर्धा टक्का पण नाहीत. आता कोणी म्हणेल की जे जागीच गेले ते दवाखान्यापर्यंत आलेच नाहीत, मग हा हिशोब पुरा कसा. बरोबर आहे. पण जे शेलने जागीच गेले त्यांचं तर कित्येकदा सापडलंच नाही काही, त्यामुळे शेलचं पारडं काही त्याने हलकं होत नाही.

मशीनगन भयंकर नव्हती असं मी म्हणतच नाहीये. हायरम मॅक्सिमने १८८४ मध्ये ती बनवली, पुढे ब्रिटिशांची व्हिकर्स आणि जर्मनांची एमजी ०८ ही त्याच घराण्यातली भावंडं, मिनिटाला साधारण साडेचारशे ते पाचशे बुलेट. नळीभोवती पाण्याचं जॅकेट, पाणी उकळायला लागलं की वाफ रबरी नळीतून डब्यात सोडायची, नाहीतर वाफेचा पांढरा लोट बघून समोरच्याला गन कुठे आहे ते कळणार! एवढं सगळं खरं. पण ती गन एका जागी बसलेली असते आणि तिला फोडायला एक शेल पुरतो. बेल्जियममध्ये होलेबेक नावाचं गाव आहे, तिथे ३१ ऑक्टोबर १९१४ ला आपल्या बलूच पलटणीच्या दोन मशीनगन लावलेल्या होत्या. त्यातली एक शेल पडून बंद पडली, गोरा अधिकारी जखमी झाला, दुसऱ्या गनवरची पाच माणसं मेली आणि शिपाई खुदादाद खान स्वतः जखमी असून शेवटपर्यंत ती गन चालवत राहिला. पहिल्या हिंदी शिपायाला व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं सगळ्यात मोठं पदक, मिळाला तो असा. ही गोष्ट सगळीकडे मशीनगनची म्हणून सांगतात, मला मात्र त्यातला तो शेल दिसतो. जित्याची खोड म्हणा.

दुसरं म्हणजे लेखात खंदकाला ‘मृत्यूचा सापळा’ म्हटलंय. अहो, खंदक हा सैनिकाने जीव वाचवायला खणलेला खड्डा! खंदक नव्हते तेव्हा काय झालं ते बघा ना. २२ ऑगस्ट १९१४, युद्ध सुरू होऊन तीन आठवडे पण झाले नव्हते, फ्रेंच सैन्य उघड्या रानातून लाल विजारी घालून पुढे जात होतं, डोक्यावर कापडी टोपी, हेल्मेट नाहीच, आणि त्या एका दिवसात त्यांची सुमारे २७,००० माणसं मेली. फ्रान्सच्या इतिहासातला सगळ्यात रक्तबंबाळ दिवस तो, आणि खंदकांची लांबच लांब रांग तेव्हा अजून झालेलीच नव्हती. ती झाली त्याच वर्षाच्या शेवटी, उत्तर समुद्रापासून पार स्वित्झर्लंडच्या हद्दीपर्यंत, जवळजवळ ७०० किलोमीटर. माणसं जमिनीत शिरली ती शेलला घाबरून शिरली. आणि खंदक सरळ रेषेत कधी नसायचा, दर काही मीटरवर काटकोनात वळवलेला, कारण एक शेल आत पडला तर त्याचे तुकडे आणि धक्का त्या एका कप्प्यातच राहावेत आणि शत्रू आत घुसला तर त्याला एका टोकावरून सगळ्या खंदकात गोळीबार करता येऊ नये. फ्लँडर्समध्ये, म्हणजे बेल्जियमच्या त्या सखल भागात, तर दोन-तीन फूट खणलं की पाणी लागायचं, मग खाली कमी खणायचं आणि वर मातीच्या गोण्यांची भिंत उभी करायची. त्या पाण्यात दिवसचे दिवस उभं राहून पाय सडायचे, पहिल्याच हिवाळ्यात ब्रिटिशांची २०,००० च्या वर माणसं पायांपायी दवाखान्यात गेली. तरी माणूस त्या चिखलात राहायचा, कारण वर उघड्यावर राहणं त्याहून वाईट.

आता माझ्या विषयावर येतो. फ्यूज म्हणजे घरातल्या मीटरचा फ्यूज नव्हे. शेलच्या टोकाला जे पितळी टोपण असतं ना, ज्याच्यामुळे शेल कधी फुटायचा ते ठरतं, तो फ्यूज. बाहेरून बघितलं तर लहान मुलाच्या भोवऱ्याएवढी वस्तू. शेल म्हणजे काय, लोखंडी बाटली, आत दारू, ती कोणीही भरेल. अक्कल सगळी फ्यूजमध्ये.

आपले लोक फ्रान्सला पोचले तेव्हा त्यांच्याकडे हातबॉम्ब म्हणण्यासारखं काही नव्हतंच. सप्टेंबर १९१४ च्या शेवटी मार्सेल्सला उतरले, तिथे त्यांच्या जुन्या रायफली काढून नवीन दिल्या, आणि तिथून थेट थंडीत. समोर जर्मनांकडे तयार हातबॉम्ब, मॉर्टर, सगळं. मग आपल्या सॅपर्सनी, म्हणजे लष्करातल्या इंजिनीअर शिपायांनी, जॅमचे रिकामे डबे घेतले, त्यात स्फोटक, खिळे, लोखंडाचे तुकडे ठासले, झाकणाला भोक पाडून त्यातून वात बाहेर काढली आणि ती काडेपेटीने पेटवून फेकायची! कल्पना करा, पाऊस पडतोय, बोटं गारठलीयत, काडी पेटत नाही, पेटली तर वात पेटत नाही, आणि वात किती लांब कापायची याचा अंदाज चुकला तर डबा हातातच फुटणार नाहीतर समोरचा तो उचलून परत आपल्यावर फेकणार. फ्यूज नीट नसला की काय होतं याचा याहून चांगला धडा कुठल्या ट्रेनिंग स्कूलमध्ये मिळायचा नाही. १९१५ मध्ये मिल्स बॉम्ब आला, पिन काढायची, फेकला की लिव्हर सुटतो आणि आतली वात आपोआप पेटते, काडेपेटी गेली. शिपायाच्या दृष्टीने मला तर हा रणगाड्यापेक्षा मोठा शोध वाटतो, पण त्यावर कोणी पानभर लेख लिहीत नाही.

सॅपर्सचं आणखी एक. काटेरी तार मुळात अमेरिकेत गुरांना कुंपण घालायला निघाली, ग्लिडनचं पेटंट १८७४ चं. ती तार तोडायला लोखंडी नळ्यांत स्फोटक भरून त्या एकाला एक जोडत तारेखाली सरकवायच्या, ही युक्ती १९१२ मध्ये मद्रास सॅपर्सच्या एका इंग्रज कॅप्टनने बंगलोरला काढली, आणि आजपण जगभरच्या सैन्यात तिला बंगलोर टॉर्पेडोच म्हणतात. आणि आपल्या खडकीच्या सॅपर्सच्या दोन कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ ला फ्रान्समधल्या न्यव्ह शापेल गावावर चालून गेल्या, शीख पलटणीबरोबर, पायदळासारख्या. म्हणजे ज्यांना बॉम्ब बनवता येत होते, पूल बांधता येत होते, अशा शिकलेल्या कारागिरांना संगिनी लावून पुढे पाठवलं, आणि त्यांची चाळण झाली. हे वाचलं की आजही चिडचिड होते, टर्नरला झाडू मारायला लावल्यासारखं आहे हे.

त्याच न्यव्ह शापेलला पुढे १० मार्च १९१५ ला मोठा हल्ला झाला, अर्धं सैन्य हिंदी. फक्त ३५ मिनिटं तोफा चालल्या पण एका छोट्या पट्ट्यावर इतक्या गच्च चालल्या की खंदकाची पहिली रांग भराभर हातात आली. गब्बर सिंग नेगीला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो तिथलाच, मरणोत्तर. पण पुढे काय? टेलिफोनच्या तारा शेलने तुटलेल्या, वायरलेस पुढच्या शिपायाजवळ नाही, निरोप घेऊन पळणारी पोरं मधेच मरतायत, मागच्या जनरलला कळतच नाहीये की पुढचे कुठवर पोचलेत. ‘पुढे जा’ म्हणून हुकूम यायला कित्येक तास गेले, तेवढ्यात जर्मनांनी माणसं आणून भोक बुजवलं. तीन दिवसांत हिंदी सैन्याचीच ४,००० च्या वर माणसं मेली, जखमी झाली. वर तोफांना शेल पुरेनात म्हणून विलायतेत एवढा गदारोळ उडाला की सरकार हादरलं आणि दारूगोळ्याचं वेगळं खातं काढावं लागलं.

आणि इथूनच पुढच्या वर्षीच्या सोमच्या लढाईची गडबड सुरू होते, कारण शेल घाईघाईने बनवायला घेतले.

१ जुलै १९१६, ब्रिटिशांची ५७,४७० माणसं एका दिवसात मेली-जखमी झाली, त्यातली १९,२४० मेलेली. लेखात लिहिलंय की ‘मशीनगनने त्यांना कापून काढलं’. त्या दिवसापुरतं हे खरं आहे, मी अजिबात नाकारत नाही. पण प्रश्न असा की त्या मशीनगन शिल्लक राहिल्याच कशा? आधी सात दिवस पंधरा लाखांहून जास्त शेल टाकले होते की त्यांच्यावर! तर त्या शेलमधले बहुतेक १८ पौंडी तोफांचे, आणि त्यातही छर्ऱ्याचे जास्त. छर्ऱ्याचा शेल हवेत फुटतो आणि त्यातून पावणेचारशेच्या आसपास शिशाचे छर्रे पुढच्या दिशेने उधळतात, उघड्यावरच्या माणसाला तो यमदूत, पण खडूच्या जमिनीत तीस-तीस फूट खाली बसलेल्या जर्मनाला काय त्याचं? डोक्यावर पाऊस पडल्यासारखं. मग म्हणे या छर्ऱ्यांनी तार कापायची. तार कापायची तर शेल जमिनीपासून अगदी थोड्या उंचीवर आणि तारेच्या जरासा अलीकडे फुटला पाहिजे. हे ठरवतो टाइम फ्यूज. त्यात पितळेच्या दोन रिंगा एकावर एक, आणि त्यांच्या खोबणीत बारीक दारू दाबून भरलेली. तोफ उडाली की ती दारू पेटते आणि उदबत्तीसारखी गोल गोल जळत जाते, खालची रिंग फिरवून किती जळल्यावर फुटायचं ते लावायचं. आता शेल सेकंदाला शेकडो मीटर जातोय. दारू थोडी ओली, भरताना दाब कमीजास्त, रिंगेत बारीकशी फट, एवढ्यावर शेल कुठल्या कुठे जाऊन फुटतो. वर फुटला तर छर्रे विखुरले, खाली गेला तर चिखलात गडप. तार जागच्या जागी.

बरं मग दुसरे, जमिनीवर आपटून फुटणारे शेल तारेवर टाकावेत, तर त्या वेळचा आपटी फ्यूज इतका सुस्त की शेल आधी जमिनीत घुसायचा आणि मग फुटायचा. म्हणजे मोठा खड्डा पडायचा, तार वर उडायची आणि परत खाली पडायची, आधीपेक्षा जास्त गुंता होऊन. शिवाय साधारण तीस टक्के शेल फुटलेच नाहीत असा अंदाज सांगतात. तीस टक्के! आमच्याकडे लॉटमध्ये दोन-चार नग गेजला बसले नाहीत तर सुपरवायझर सगळा लॉट अडवून ठेवायचा, चहा बंद, ओव्हरटाइम बंद, आणि वरून बोलणी. एकदा माझ्याच हातून पास झालेल्या एका ट्रेमध्ये आटे ढिले निघाले होते, पुढच्या तपासणीत सापडले म्हणून वाचलो, त्या रात्री मला झोप लागली नव्हती. तर तिथे १९१५-१६ ला काय चाललं असेल त्याची कल्पना मी करू शकतो. नवीन कारखाने, नवीन हात, रोज आकडा वाढवा म्हणून मागे तगादा. आणि कारखान्यातल्या बायकांना दोष देऊ नका कोणी, टीएनटी हे स्फोटक हाताळून हाताळून त्यांची कातडी पिवळी पडायची, लोक त्यांना कॅनरी म्हणायचे, पिवळा पक्षी असतो तो. चिलवेलच्या कारखान्यात १ जुलै १९१८ ला स्फोट होऊन १३४ माणसं गेली. खंदक फक्त फ्रान्समध्ये नव्हते.

आणि हो, त्याच १ जुलैला दक्षिणेकडे माँतोबान गाव ब्रिटिशांनी घेतलं होतं, दुपारच्या आत. तिथे शेजारच्या फ्रेंचांच्या जड तोफा मदतीला होत्या. म्हणजे समोर जर्मन मशीनगन होत्याच, फरक तोफांचा.

मग १९१७ मध्ये ब्रिटिशांकडे १०६ नंबरचा फ्यूज आला, फ्रेंचांच्या डिझाइनवरून घेतलेला. हा माझा लाडका, अर्थात फक्त चित्रात बघितलेला. टोकाला एक छोटा हातोडा, त्याच्या दांड्याभोवती पितळेची बारीक पट्टी गुंडाळलेली, पट्टीच्या टोकाला वजन. तोफेतून निघाला की शेल गरगर फिरतो, त्या फिरण्याने पट्टी उलगडून हवेत उडून जाते आणि हातोडा मोकळा होतो. तोपर्यंत तो सुरक्षित, हातातून पडला तरी धोका नाही. मग जमिनीला, अगदी तारेला जरी शिवला तरी तिथल्या तिथे फुटणार, खड्डा न पाडता, आडवा. तार तुकडे तुकडे. आणि खड्डे न पडल्याने मागून येणाऱ्या पायदळाला चालायला जमीन उरते. एका पट्टीने हे केलं साहेब, एका पितळी पट्टीने! कांब्रेच्या लढाईचं, म्हणजे २० नोव्हेंबर १९१७ चं, सगळं श्रेय रणगाड्यांना देतात. चारशेच्या वर रणगाडे होते, खरंय, आणि तिथे तार त्यांनीच चिरडली. पण त्या दिवशी तोफांनी आधी एकही ट्रायल शेल न टाकता अचूक मारा केला म्हणून जर्मन गाफील सापडले, हे का सांगत नाहीत?

ट्रायलशिवाय मारा कसा जमला, त्यात एक मजेशीर भाग आहे. शत्रूची तोफ दिसत नाही, पण आवाज येतो. लॉरेन्स ब्रॅग नावाचा २५ वर्षांचा पोरगा, ज्याला १९१५ चं फिजिक्सचं नोबेल बापाबरोबर मिळालं, तो फ्रान्समध्ये याच कामावर होता. आवाज टिपायला साधा मायक्रोफोन चालेना, कारण तोफेचा खरा धक्का कानाला ऐकूच न येणारा असतो, आणि रायफलींचा, कुत्र्यांचा, गाड्यांचा आवाज मात्र मायक्रोफोन इमानदारीत टिपतो. ब्रॅग जिथे राहायचा तिथल्या संडासाची खोली घट्ट बंद, बाहेरच्या हवेला वाट फक्त बैठकीखालच्या पाइपातून, आणि जवळची मोठी तोफ उडाली की हा बसल्या जागी उचलला जायचा! आवाज नाही, नुसता हवेचा धक्का. त्याचाच सहकारी टकर, त्याच्या झोपडीच्या भिंतीला भोकं होती, तोफ उडाली की त्यातून गार हवेची झुळूक तोंडावर यायची. मग तापवलेली बारीक तार भोकाशी लावली, झुळूक आली की तार गार होते आणि फिल्मवर खूण उमटते. असे सहा मायक्रोफोन एका रांगेत लावायचे, कुठे आधी खूण, कुठे नंतर, त्या फरकावरून तोफेची जागा नकाशावर काढायची. ब्रॅगचा भाऊ १९१५ लाच तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या मोहिमेत मेला होता, शेल लागूनच. ८ ऑगस्ट १९१८ ला आमियांला हल्ला झाला तेव्हा समोरच्या जर्मनांच्या बहुतेक तोफा आधीच अशा हेरून ठेवलेल्या होत्या. ती तोंडं आधी बंद केली, मग पायदळ निघालं.

गॅसबद्दल लेखात भरपूर आहे त्यामुळे मी लांबवत नाही. फक्त एवढंच की २२ एप्रिल १९१५ ला बेल्जियममधल्या ईप्रला जर्मनांनी क्लोरीन सोडला आणि चारच दिवसांनी आपली लाहोर डिव्हिजन तिथे तोंडावरच्या ओल्या फडक्यांच्या भरवशावर उभी केली होती, हे त्यात यायला हवं होतं. जमादार मीर दस्तला व्हिक्टोरिया क्रॉस त्याच दिवशीचा.

आणि मेसोपोटेमिया, म्हणजे आजचा इराक, तर लेखात औषधालाही नाही. तिथेही खंदकच होते. तिथल्या कुत गावी तुर्कांच्या वेढ्यात १४७ दिवस अडकलेली डिव्हिजन पूना डिव्हिजन, त्यात मराठा पलटणी, २९ एप्रिल १९१६ ला १३,००० च्या आसपास माणसं शरण गेली. त्यांना सोडवायला जी मेरठ डिव्हिजन जानेवारीत हन्नाच्या तुर्की खंदकांवर गेली ती न्यव्ह शापेललाच लढलेली होती, म्हणजे तोफा कमी पडल्या की काय होतं ते तिला आधीच माहीत होतं, आणि तिथे तोफा त्याहून कमी होत्या.

आता एक विनंती. लेखाबरोबर खाली उजवीकडे जो छोटा फोटो आहे, गंजलेल्या गोल वस्तूचा, त्याच्याखाली ‘मशीनगनचा एक भाग’ असं छापलंय. तो मशीनगनचा भाग नाहीये, तो टाइम फ्यूज आहे, दोन रिंगा स्पष्ट दिसतायत, पुढच्या रविवारी दुरुस्ती छापा. मी मोबाइलवर झूम करून करून बघितलं, खालच्या रिंगेवर आकडे कोरलेले आहेत पण छपाईत फुटलेत, त्यामुळे रिंग कितीवर लावली होती ते वाचता येत नाही. मूळ फोटो मोठा असेल तर कृपया मला मेल करा, पत्ता पाकिटावर लिहिलाय.

आपला,
फ्यूज सेक्शनचा एक रिटायर्ड माणूस